रंगीत आणू की साधा?

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा पुतण्या पुण्याहून खामगावला आला. तिथं तो इंजिनीअरिंगला आहे. रात्री जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बडे अब्बा, एक सल्ला पाहिजे." शिक्षणाचं काही असेल असं वाटून मी हातातलं पुस्तक मिटलं. त्यानं मोबाइलवर दोन चित्रं दाखवली. दोन्ही हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमची. एक निन्टेन्डो कंपनीचा स्विच, दुसरा स्टीम डेक. शिकवण्या घेऊन त्यानं पैसे साठवले होते आणि दोन्हींपैकी एकच घेता येणार होता. "हा ताकदीचा आहे, तो हलका आहे. कोणता घेऊ?"

मला हसू आलं. पोराला वाटलं, बडे अब्बांना यातलं काही कळत नाही म्हणून ते हसताहेत. कारण वेगळं होतं. हाच प्रश्न मला १९९४ साली विचारला गेला होता आणि मी त्याचं चुकीचं उत्तर दिलं होतं. त्या चुकीची किंमत ज्यानं मोजली तो समोरच पलंगावर बसला होता. माझा धाकटा भाऊ, या पोराचा बाप.

त्या वर्षीच्या पोळ्याची गोष्ट. भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. सजवलेल्या बैलांची रांग नीट दिसावी म्हणून तो एका पडक्या भिंतीवर चढला आणि खाली आला तो मांडीचं हाड मोडूनच. कमरेपासून खाली प्लॅस्टर. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने पलंग सोडायचा नाही. घर दोन खोल्यांचं. टीव्ही शेजारी होता, आमच्याकडे नव्हता. अब्बा जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला, सकाळी गेले की दिवेलागणीला कापसाच्या पेळूसारखे पांढरे होऊन परत यायचे. अम्मी कामात. पोरगं दिवसभर छताकडे बघत पडून राहायचं.

आमचे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, तेव्हा जेद्दाला ड्रायव्हर होते. त्यांचं पत्र आलं. सुटीवर येतोय, पोरासाठी हातातला व्हिडिओ गेम आणतो, पडल्या पडल्या जीव रमेल. दुकानात दोन तऱ्हेचे आहेत. एक साधा, करड्या पडद्याचा. दुसरा रंगीत, पडद्यामागून उजेड येणारा, पण महाग. कोणता आणू? पत्रासोबत इंग्रजी जाहिरातींची दोन कात्रणं होती. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, नुकता बी. ए. झालेला. त्यामुळे निकाल माझ्याकडे आला.

साधा होता तो निन्टेन्डोचा गेम बॉय. रंगीताचं नाव मी घेत नाही. त्या वर्षांत तसे दोन-तीन होते, आणि पुढं जे घडलं त्यात दोष यंत्राचा नव्हता, निवडणाऱ्याचा होता. मी जाहिराती वाचल्या. एकीकडे हजारो रंगांची भाषा, दुसरीकडे राखाडी पडदा. नुकतीच कविता लिहायला लागलेल्या माणसाला रंगांचा मोह पडायला वेळ लागत नाही. ज्याच्यासाठी वस्तू यायची होती तो दहा फुटांवर पडलेला होता, पण त्याला मी विचारलं नाही. अकरा वर्षांच्या पोराला काय कळतं! बूथवर जाऊन जेद्दाला फोन लावला. मीटरवरचे लाल आकडे भराभर पळत होते. "रंगीतच आणा खालू," एवढं बोललो आणि ठेवला.

आजच्या मुलांना प्रश्न पडेल की त्यासाठी जेद्दाला फोन कशाला? खामगावात नाही तर अकोल्यात, अकोल्यात नाही तर मुंबईत दुकान नव्हतं का? नव्हतं, म्हणजे सरळ मार्गाचं नव्हतं. १९९१ साली आपली बाजारपेठ खुली झाली असं आपण म्हणतो, पण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परवान्यांचे निर्बंध त्यानंतरही दहा वर्षं राहिले. त्यातले शेवटचे ७१५ प्रकार मोकळे झाले ते १ एप्रिल २००१ रोजी. तोपर्यंत असा माल यायचा तो आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून, नाही तर मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या ठिकाणाहून. ज्याच्या घरात कुणी 'बाहेर' होतं त्याच्याच घरात निवडीचा प्रश्न यायचा. आमच्या घरात तो पहिल्यांदाच आला होता.

खालू आले. गेम निघाला. पहिल्या रात्री मोहल्ल्यातली पंधरा-वीस पोरं पलंगाभोवती जमली. अंधाऱ्या खोलीत तो छोटा पडदा असा काही उजळला की भावाच्या तोंडावर निळा-हिरवा उजेड नाचायला लागला. त्याच्या हसण्याकडे बघून मला वाटलं, निवड करावी तर अशी.

खालूंनी बरोबर आणलेले सेल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपले. एकदम सहा सेल लागायचे. मी चौकातून सहा पेन्सिल सेल आणले. ते तासाभरातच गेले. पुन्हा सहा आणले. तेवढ्या पैशांत आमच्या घरी चार-पाच दिवसांचं दूध यायचं. खालूंनी विजेवर चालवायचा अडॅप्टरही आणला होता. तो मी मोठ्या ऐटीत भिंतीच्या प्लगात खुपसला. तिकडच्या घरांत तेव्हा आपल्यापेक्षा कमी दाबाची वीज असे, हे बी. ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. धुराची एक रेघ निघाली आणि तो मार्ग कायमचा बंद झाला.

मग आपण सगळेच जे करायचो ते आम्ही केलं. सेल टिनावर उन्हात ठेवले. ऊब मिळाली की मरायला टेकलेला सेल थोडा धुगधुगतो, दहा मिनिटं खेळ चालतो, पुन्हा अंधार. काही दिवसांनी भावानं ते यंत्र उशाखाली ठेवून दिलं. मी विचारलं, सेल आणू का? तो म्हणाला, "नको भाई, त्या उजेडानं डोळे दुखतात." मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचंही होतं.

त्याच सुमारास कोजागरी आली. कोजागरीला आमच्या गावात मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो. देशात इतरत्र नवरात्र संपून गेलेलं असतं तेव्हा खामगावात जगदंबेची गर्दी लोटते, दुकानं लागतात. शेजारच्या मुलानं तिथून एक ब्रिक गेम आणला. प्लॅस्टिकचा, चिनी बनावटीचा. रंग नाही, उजेड नाही. वरून विटांचे तुकडे पडणार आणि आपण ते फिरवून ओळ भरायची. नाव इंग्रजीत, खाली '९९९९ इन १' असा दणदणीत आकडा. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, तेच वेगवेगळ्या वेगानं पुन्हा पुन्हा. पण त्यात दोनच सेल लागायचे आणि ते आठवडेच्या आठवडे टिकायचे. तो मुलगा रोज दुपारी शाळेतून आल्यावर आपला गेम भावाच्या हातात द्यायचा. उरलेले दोन महिने माझ्या भावानं त्या उसन्या विटा रचत काढले. आमचा हजार रंगांचा गेम उशाखालीच राहिला.

अब्बांनी एकदाच त्यावर तोंड उघडलं. ते म्हणाले, "बेटा, कपास देखके नहीं, खींचके लेते हैं." ज्यांनी कापसाचा बाजार बघितला आहे त्यांना हे सांगायला नको. पांढराशुभ्र ढीग दिसला म्हणून जाणता खरेदीदार भाव लावत नाही. तो चिमूटभर रुई घेतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो आणि धागा किती लांब निघतो, किती तग धरतो ते बघतो. एके काळी वऱ्हाडातला सर्वांत मोठा कापूस बाजार असलेल्या गावात, जिथं जलंबपासून रेल्वेचा फाटा १८७० साली आला तो या कापसापायी, तिथं राहून मी रुई न ओढताच सौदा केला होता. शिवाय आमचं गाव चांदीचंही. चकाकी वेगळी आणि कस वेगळा, हे इथल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

ही झाली आमच्या घरातली गोष्ट. पुढं वाचनाच्या ओघात लक्षात आलं की त्याच वर्षांत अर्ध्या जगात हाच सौदा चालला होता, आणि त्यात माझ्यासारखे चुकलेले लोक नामांकित कंपन्यांमध्येही होते.

या इतिहासाच्या मध्यभागी एक जपानी माणूस आहे. गुनपेई योकोई. जन्म १९४१. निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात खेळायचे पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेली. योकोई १९६५ मध्ये तिथं लागला तो पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. रिकामपणी त्यानं लांबवता-आखडता येणारा एक लाकडी पंजा करून पाहिला. मालकाच्या नजरेस तो पडला आणि १९६६ मध्ये खेळणं म्हणून बाजारात येऊन भरपूर खपला. यंत्रांना तेलपाणी करणारा माणूस खेळणी बनवणारा झाला.

पुढची गोष्ट आगगाडीतली आहे. जपानच्या वेगवान गाडीत योकोईनं एक कंटाळलेला नोकरदार बघितला. वेळ जात नाही म्हणून तो कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईच्या मनात आलं, याच्या हातात एखादा छोटा खेळ असता तर? त्या काळात जपानी कंपन्यांच्या आपसातल्या चढाओढीनं कॅल्क्युलेटर स्वस्त झाले होते आणि त्यातले पडदे, चिपा कवडीमोल मिळायला लागल्या होत्या. तेच पडदे वापरून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. खिशात मावणारा, एकच खेळ असलेला आणि वेळही दाखवणारा.

योकोईनं आपल्या कामाचं एक सूत्र सांगून ठेवलं आहे. त्यातल्या जपानी शब्दाचा सरळ अर्थ 'वाळलेलं तंत्रज्ञान' असा होतो. मला त्यासाठी आपल्याकडचा शब्द जास्त जवळचा वाटतो, मुरलेलं. लोणचं मुरतं तसं तंत्रही मुरतं. नवेपणाची झळाळी जाते, किंमत उतरते, खोडी सगळ्या कळून चुकतात. असं मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणाच्या ध्यानीमनी नसलेला उपयोग करायचा, हे त्याचं सूत्र. सर्वांत नवीन आणि सर्वांत ताकदवान वस्तूच्या मागे तो धावला नाही.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आलेला गेम बॉय याच सूत्रातून घडला. किंमत १२,५०० येन, अमेरिकेत ९० डॉलरच्या आत. त्यातली चिप १९७० च्या दशकातल्या घराण्यातली. पडदा हिरवट, त्यावर करड्याच्या फक्त चार छटा. मागून उजेड नाही, म्हणजे अंधारात दिसायचंच नाही. पण चार पेन्सिल सेलांवर हा गेम पंधरा तासांच्या आसपास चालायचा. उन्हात स्पष्ट दिसायचा. हातातून पडला तरी सहसा बंद पडायचा नाही. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात भाजून निघालेला एक गेम बॉय कंपनीनं पुढं न्यूयॉर्कच्या आपल्या दुकानात मांडून ठेवला होता. बाहेरचं प्लॅस्टिक वितळलेलं, आतला खेळ चालू.

आता त्याचे प्रतिस्पर्धी बघा. त्याच १९८९ मध्ये अमेरिकेच्या अटारी कंपनीनं लिंक्स आणला. तो घडवणारे दोघे अभियंते अमिगा या नावाजलेल्या संगणकावर काम केलेले होते. रंगीत पडदा, मागून उजेड, शिवाय डावखुऱ्यांसाठी उलटा धरून खेळायची सोय. बुद्धीत कुठं कमी नाही. पण किंमत १८० डॉलरच्या घरात आणि सहा सेल चार-पाच तासांत फस्त. १९९० मध्ये सेगाचा गेम गियर आला. तो म्हणजे त्यांचा घरचा टीव्हीवरचा गेमच हातात आलेला. त्याला वेगळा जोड लावून टीव्हीचे कार्यक्रमही दिसायचे. सेल सहा, तास तीन ते पाच. त्याच वर्षी एनईसी कंपनीचा टर्बोएक्सप्रेस आला. अमेरिकेत किंमत २५० डॉलर. सेल पुन्हा सहा, आणि तेही तीनेक तासांत संपायचे.

ही यंत्रं वाईट होती असं कुणी म्हणू नये. दुकानात ओळीनं मांडली तर गेम बॉय त्यांच्यापुढं गरीब नातेवाइकासारखा दिसायचा. पण दुकानात वस्तू दहा मिनिटं हातात असते, घरी ती वर्षानुवर्षं असते. गेम गियर जगभरात एक कोटीच्या आसपास खपला. लिंक्स त्याहून कितीतरी कमी. गेम बॉय आणि त्याचं रंगीत भावंड मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त खपले. हे रंगीत भावंड आलं १९९८ मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी. कंपनीनं रंग नाकारला नव्हता, तो मुरायची वाट बघितली होती. रंगीत गेम बॉय आला तेव्हा तो फक्त दोन सेलांवर चालत होता.

इथं सेलाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण आमच्या घरातलं कोडं त्यानंच सुटतं. परदेशी जाहिरातीतले तास हे अल्कलाइन सेलांवर मोजलेले असतात. आपल्या गावच्या दुकानात तेव्हा सर्रास मिळायचे ते जस्त आणि कार्बनचे साधे सेल. तुम्ही मला ज्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल त्याला ते छान पुरतात, भिंतीवरच्या घड्याळाला तर वर्षभर पुरतात, कारण ही मंडळी थोडी थोडी वीज मागतात. पण एकदम जास्त वीज ओढणारं यंत्र लावलं की हे सेल धापा टाकतात आणि अल्कलाइनच्या मानानं कितीतरी कमी काम देतात. रंगीत गेमच्या पडद्यामागं एक छोटी ट्यूबलाइट असायची म्हणा ना. बरीचशी वीज तीच खायची. म्हणजे जे यंत्र अमेरिकेत चार तास चालायचं ते खामगावात तासभर. अमेरिकेतल्या घरात तो किरकोळ त्रास होता, आमच्या घरात तो दुधाचा प्रश्न होता. यंत्र तेच, पण गाव बदललं की त्याचा कस बदलतो.

सेल हे यशाचं एक कारण झालं. दुसरं कारण होतं खेळ, आणि तो आला मॉस्कोहून. अलेक्सेई पाजितनोव या तरुणानं १९८४ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो रचला. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'चार'वरून आणि त्याच्या आवडत्या टेनिसवरून नाव ठेवलं टेट्रिस. त्याच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती. त्यानं कंसाच्या चिन्हांचे चौकोन केले. हातातल्या यंत्रासाठी या खेळाचे हक्क मिळवायला हेंक रॉजर्स नावाचा व्यावसायिक १९८९ च्या सुरुवातीला मॉस्कोला गेला आणि रशियन सरकारी खात्याशी बोलून ते घेऊन आला. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात टेट्रिस घालूनच विकला गेला. मारिओची करामत लहान पोरांना भुलवायची, विटा मात्र पोरांपासून आजीपर्यंत कुणालाही कळायच्या. त्या विटांना रंगांची गरजच नव्हती. मात्रा मोजून लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, बंधन म्हणजे नेहमी उणीव नसते. चार छटांत जो खेळ पूर्ण होतो त्याला पाचवी छटा लागत नाही.

मोठ्या देवीच्या उत्सवात शेजारच्या मुलानं घेतलेला ब्रिक गेम ही त्याच टेट्रिसची बिनपरवान्याची नक्कल. त्याचा पडदा म्हणजे आडवे दहा आणि उभे वीस असे ठरलेले चौकोन, बस. तो आशिया आणि पूर्व युरोपापासून लॅटिन अमेरिकेपर्यंत गरीब-मध्यम घरांत पोचला. मूळ खेळ रचणाऱ्या पाजितनोवला त्यातला पैसा मिळाला नाही. त्याच्या परवान्याच्या खेळांचं मानधनही त्याच्या हातात पडायला लागलं ते १९९६ पासून. मॉस्कोत रचलेला, जपानमध्ये मोठा झालेला आणि चीनमध्ये नक्कल झालेला खेळ खामगावातल्या प्लॅस्टरमधल्या पोराच्या हातात आला. त्यात न्याय किती आणि अन्याय किती हे मला ठरवता येत नाही. एवढं मात्र खरं की त्या नकलेनं आमच्या घरातले दोन महिने सुसह्य केले.

योकोईचं पुढं काय झालं? ते सांगितलं नाही तर गोष्ट फार गोड होईल. १९९५ मध्ये त्यानं डोळ्यांना लावून बघायचा 'व्हर्च्युअल बॉय' केला. लाल आणि काळा, दोनच रंग, खोली दिसल्याचा आभास. तो साफ पडला, वर्षाच्या आत मागे घ्यावा लागला. मुरलेलं तंत्र घेतलं म्हणजे यश मिळतंच असं नाही. वस्तू माणसाच्या गळ्यात उतरावी लागते. १९९६ मध्ये त्यानं कंपनी सोडली, स्वतःची काढली आणि बांदाई कंपनीसाठी 'वंडरस्वान' नावाचा गेम रचायला घेतला. तो एकाच सेलावर तीसेक तास चालणार होता! पण १९९७ मध्ये रस्ता अपघातात योकोई गेला. वय ५६. वंडरस्वान १९९९ मध्ये आला, जपानपुरता चालला, पण गेम बॉयला हलवू शकला नाही. तोपर्यंत गेम बॉयच्या खेळांचं भांडार एवढं वाढलं होतं की सेल वाचवण्यासाठी कुणी ते सोडून जाईना.

नंतरही हा सामना होत राहिला. २००४ मध्ये सोनीचा पीएसपी आणि निन्टेन्डोचा डीएस तीन आठवड्यांच्या अंतरानं आले. पीएसपी देखणा, ताकदवान, चित्रपट दाखवणारा. डीएस दोन पडद्यांचा, दिसायला वेडाबागडा. पीएसपी आठ कोटींच्या आसपास खपला, डीएस १५ कोटी ४० लाख.

आपल्याकडे मात्र या दोघांपेक्षा वेगळीच वस्तू जिंकली. नोकियानं २००३ मध्ये खास खेळण्यासाठी एन-गेज नावाचा फोन काढला. त्यातला खेळ बदलायचा तर बॅटरी काढावी लागायची आणि बोलायचं तर फोनची कड कानाला लावावी लागायची. तो टिकला नाही. त्याच वर्षी त्याच कंपनीनं ११०० हा साधा फोन आणला. धूळ शिरू नये अशी बटणं, डोक्यावर टॉर्च, दिवसेंदिवस टिकणारी बॅटरी आणि आत सापाचा खेळ. तो जगभरात २५ कोटींहून जास्त खपला. आपल्या गावोगावच्या पोरांनी हातात धरून खेळलेला पहिला खेळ बहुधा हाच. लोडशेडिंगच्या रात्री त्याच फोनच्या उजेडात जेवायचं आणि जेवण झाल्यावर त्याच्यावरच साप फिरवायचा. त्या कंपनीत कुणीतरी आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि आपल्याकडचा अंधार लक्षात घेतला होता.

म्हणून मला वाटतं, दोन वस्तूंतली चांगली कोणती हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाच्या हातात, कुठं, कशाच्या बळावर आणि किती दिवस, हे त्याला जोडलं की तो पुरा होतो. खेळण्याला जे लागू ते शिक्षणाला, नोकरीला, सोयरिकीलाही लागू. तिथंही आपण घरातले शहाणे लोक जाहिरात वाचतो आणि ज्याच्यासाठी निवडायचं त्याला विचारायचं विसरतो.

त्या रात्री मी ही सगळी कथा पुतण्याला सांगत होतो. भाऊ ऐकत होता. आज त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बॅटरी फुगली की लोक त्याच्याकडेच येतात. माझं बोलणं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "भाई, तुम्ही बूथवर गेला होता ना, तेव्हा ती कात्रणं माझ्या उशाशीच होती. मी साध्यावर बोट ठेवून तुमची वाट बघत होतो."

मी विचारलं, "साध्यावर का?"

"त्याच्या चित्रात चार सेल काढले होते, रंगीताच्या चित्रात सहा. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तेवढं मोजता येत होतं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी म्हणालो, "आणि डोळे दुखायचे ते?" तो नुसता हसला. तीस वर्षं ही गोष्ट त्यानं पोटात ठेवली होती आणि आता सांगतानाही आवाजात तक्रार नव्हती.

मी पुतण्याकडे वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सल्ला न देता विचारलं, "तुला कोणता वाटतो?" त्यानं दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा बघितली. वसतिगृहात वीज कशी असते, प्रवास किती होतो, खेळ विकत घ्यायला दर महिन्याला किती लागतील याचा हिशेब मांडला आणि एकाचं नाव घेतलं. मी मान डोलावली. तेवढ्यात त्याचा बाप पलंगावरून खाली वाकला, मोबाइलवरच्या चित्राकडे एकदा बघितलं आणि त्याला एकच प्रश्न विचारला, "एका चार्जिंगमध्ये किती वेळ चालतो रे?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)